गिरणगावातील नव्या वसाहती आणि रहदारीचा प्रश्न : वाटाघाटींचा मागोवा (१९९१ ते २०२५)

मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. १९८२ चा संप, कामगारांची घरे आणि मालकांचा नफा हे त्या लेखनाचे प्रमुख विषय होत. त्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या निवासी व व्यापारी इमारतींमुळे शेजारच्या चाळींपुढील रस्त्यांचे काय झाले, आणि त्याविषयी तेथील रहिवाशांना आपले म्हणणे मांडण्याची संधी नेमकी कोठे मिळाली, हा प्रश्न मात्र बराचसा दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

परळ, लालबाग, डिलाइल रोड या भागातील रस्ते मुळात पायी चालणाऱ्यांचे होते. बहुसंख्य कामगार गिरणीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहत. भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरे आणि पाळी सुरू झाली की रिता होई. लोहमार्ग ओलांडण्यास एल्फिन्स्टन, करी रोड, डिलाइल रोड येथील ब्रिटिशकालीन पूल होते. त्या काळाच्या गरजेला ते पुरेसे होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने या जमिनींच्या पुनर्विकासाचा मार्ग खुला केला. ढोबळमानाने एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला, असे ते सूत्र होते. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा अभ्यास केला. प्रत्येक गिरणीचा सुटा विचार न करता सर्व जमिनींचा एकत्रित आराखडा करावा, असा तिचा आग्रह होता. रस्त्याचा प्रश्न सुटण्याची खरी संधी तेथेच होती, कारण रस्ता एका गिरणीच्या कुंपणात मावत नाही. तो आराखडा अमलात आला नाही. २००१ च्या दुरुस्तीने केवळ रिकामी जमीनच वाटणीस पात्र ठरली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याचिकाकर्त्या पर्यावरण संस्थेच्या बाजूने निर्णय दिला, परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली.

या सर्व वाटाघाटींत शासन, मालक, महापालिका, म्हाडा हे पक्ष होते. दीर्घ लढ्यानंतर गिरणी कामगारांच्या संघटनांनीही आपले स्थान मिळविले, आणि २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. शेजारी हा पक्ष मात्र कोठेच नव्हता. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ (हाच अधिनियम मोहाडीसारख्या नगरपंचायतीसही लागू आहे) आराखड्यावर हरकती व सूचना मागविण्याची तरतूद करतो. पण राजपत्रातील सूचना चाळीतला भाडेकरू वाचतो, असे गृहीत धरणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय एकेका इमारतीची परवानगी वास्तुविशारद आणि महापालिका यांच्यात ठरते. तिच्यातून रोज किती मोटारी बाहेर पडतील, हे समोरच्या चाळीला विचारले जात नाही. २००८ मध्ये तर सार्वजनिक वाहनतळ बांधणाऱ्यास जादा चटईक्षेत्र देण्याची तरतूद झाली. मोटारींसाठी जागा करणाऱ्यास आणखी मजले, असा तिचा व्यवहारातील अर्थ होता.

रहदारी म्हणजे केवळ मोटारी नव्हेत. गिरण्यांच्या जागी आलेल्या कार्यालयांत काम करणारा वर्ग लोकलनेच येत होता. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर लष्कराने बांधलेला पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. जे काम नियोजनाच्या टेबलावर वर्षानुवर्षे झाले नाही, ते दुर्घटनेने काही महिन्यांत करवून घेतले. त्याच वर्षी जुलैत लोअर परळचा डिलाइल पूल धोकादायक म्हणून बंद झाला आणि पूर्णपणे खुला होण्यास २०२३ चा नोव्हेंबर उजाडला.

एल्फिन्स्टन पुलाच्या प्रकरणात प्रथमच शेजाऱ्यांचे म्हणणे निर्णायक ठरले. शिवडी–वरळी उन्नत मार्गासाठी हा पूल पाडावयाचा होता. ही रहदारी सर्वस्वी गिरणीजमिनींवरील नव्हे. अटल सेतूवरून येणारीही तीत आहे. एप्रिल २०२५ मध्ये पूल बंद करण्याचा प्रयत्न लगतच्या इमारतींतील रहिवाशांनी रोखला. त्याच परिसरात पुनर्वसन व्हावे, ही त्यांची मागणी होती. ज्यांचे घरच जाणार होते, त्यांना ‘बाधित’ म्हणून वाटाघाटीत स्थान मिळाले. ज्यांच्या खिडकीखालून केवळ वाहने जाणार, त्यांच्यासाठी असा शब्द नियमांत नाही. पूल अखेर १२ सप्टेंबर २०२५ रोजी वाहतुकीस बंद झाला.