गणेशखिंडीचे 'गव्हर्न्मेंट हाउस' : सत्तेच्या प्रासादातून विद्यापीठाकडे

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून आज परिचित असलेली वास्तू मुळात मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान होती. 1817 साली पेशवे आणि इंग्रज यांच्यात खडकीची लढाई झाली, ती याच परिसरात. त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आतच या माळावर विजेत्यांच्या प्रतिनिधीचा प्रासाद उभा राहू लागला.

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, 1864 मध्ये बांधकामाला प्रारंभ झाला. आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुरचनाकाराचा. त्यापूर्वी गव्हर्नरांचा मुक्काम दापोडीच्या बंगल्यात असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्या काळी मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. मात्र 1865 मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि बांधकामाचा खर्च डोईजड झाला. तो पावणेदोन लाख पौंडांच्या घरात गेला. या उधळपट्टीवर इंग्लंडमध्येही टीका झाली. 1871 मध्ये काम पूर्ण झाले, तेव्हा फ्रिअर पद सोडून गेले होते. स्वतः उभारलेल्या या प्रासादात गव्हर्नर म्हणून राहण्याचा योग त्यांना आला नाही.

दख्खनच्या काळ्या पाषाणात बांधलेल्या या लांबट वास्तूचा उंच मनोरा इटालियन घाटाचा आहे. कमानदार खिडक्या आणि प्रशस्त दालने ही तिची अन्य वैशिष्ट्ये. व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या ऑसबर्न येथील प्रासादाशी तिचे साम्य दाखवले जाते.

22 जून 1897 च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त येथे समारंभ झाला. शहर मात्र प्लेगने आणि प्लेग निवारणाच्या नावाखालील जुलमाने होरपळलेले होते. समारंभाहून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर दामोदर चापेकर यांनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड 3 जुलैला मरण पावला. दामोदर चापेकर यांना 1898 मध्ये फाशी देण्यात आली.

स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना झाली आणि हा प्रासाद त्याच्याकडे आला. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. 2014 मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या दारातून केवळ निमंत्रितांनाच प्रवेश होता, त्या वास्तूवर आता मुलींसाठी शाळा काढणाऱ्या शिक्षिकेचे नाव आहे.