पहारा वेशीवर

ऑक्टोबर २०२०. भारतात घेतलेल्या काही नमुन्यांत करोना विषाणूचा एक नवा प्रकार आहे. पुढे त्याला बी.१.६१७ म्हणतील. अजून त्याला नाव नाही.

२२ डिसेंबर, रात्री ११. १३६ दिवस बाकी.
अमरावती, अकोल्यासह महाराष्ट्रातल्या सगळ्या महापालिका हद्दींत रात्रीची संचारबंदी सुरू होते. ११.५९ ला ब्रिटनहून येणारी विमानं बंद. युरोप आणि मध्यपूर्वेतून मुंबईत उतरणाऱ्यांना १४ दिवसांचं संस्थात्मक विलगीकरण. धास्ती ब्रिटनमधल्या नव्या प्रकाराची आहे.

डिसेंबरअखेर. जनुकीय तपासणीसाठी १० प्रयोगशाळांचं जाळं उभं राहतं: इन्साकॉग. राज्यांनी बाधितांपैकी ५ टक्के नमुने पाठवायचे, असं ठरतं.

८ जानेवारी २०२१. ११९ दिवस.
ब्रिटनची विमानं पुन्हा सुरू. निघण्यापूर्वी ७२ तासांच्या आतला अहवाल हवा, उतरल्यावर पुन्हा आरटीपीसीआर.

१५ जानेवारी, सकाळी ७.३०.
राज्यात ग्रामपंचायतींचं मतदान सुरू होतं. दुसऱ्या दिवशी लसीकरणाला सुरुवात. लोक म्हणतात, गेला करोना.

१८ फेब्रुवारी. ७८ दिवस.
अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढताहेत. जिल्हाधिकारी शैलेश नवाल जिल्ह्यात शनिवार-रविवारची टाळेबंदी जाहीर करतात.

त्याच आठवड्यात पुण्यात अमरावती, यवतमाळ आणि साताऱ्याचे नमुने तपासले जातात. ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलचा प्रकार त्यांत नाही, असं राज्याचा आरोग्य विभाग सांगतो. उत्तर बरोबर आहे. प्रश्न विषाणू परदेशी आहे का, एवढाच होता.

२० फेब्रुवारी, रात्री ८. ७६ दिवस.
अमरावती बंद. शहराबाहेर नांदगाव पेठ. औद्योगिक वसाहत, टोलनाका आणि नागपूरकडे जाणारा महामार्ग. आता त्याचा क्रमांक ५३, जुनी माणसं अजून 'सहा नंबर'च म्हणतात. एका टोकाला गुजरातचं हजिरा, दुसऱ्या टोकाला ओडिशाचं पारादीप. विमानतळासारखी तपासणी या रस्त्यावर नाही.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी ७. ७५ दिवस.
मुख्यमंत्री उद्धव ठाकरे राज्याशी बोलतात. 'मी जबाबदार' मोहीम जाहीर होते.

२२ फेब्रुवारी, रात्री ८. ७४ दिवस.
अमरावती आणि अचलपुरात आठवड्याची टाळेबंदी लागते. पुढे ती ८ मार्चपर्यंत वाढते. याच आठवड्यात बी.१.६१७ ब्रिटन आणि अमेरिकेच्या नोंदीत येतो.

२४ मार्च. ४४ दिवस.
केंद्रीय आरोग्य मंत्रालय आकडे देतं. १०,७८७ नमुन्यांत चिंताजनक प्रकार ७७१. त्यातले ७३६ ब्रिटनच्या कुळातले. त्याच निवेदनात पुढे, महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत बी.१.६१७ मधली ई४८४क्यू आणि एल४५२आर ही उत्परिवर्तनं आहेत. आधी नोंदलेल्या कोणत्याही चिंताजनक प्रकाराशी ती जुळत नाहीत.

२३ एप्रिल, ब्रिटनमध्ये पहाटे ४. १४ दिवस.
भारत ब्रिटनच्या लाल यादीत जातो. घोषणा चार दिवस आधीच झालेली असते.

७ मे, सकाळ. ० दिवस.
मागच्या २४ तासांत देशात ४,१४,१८८ नवे रुग्ण.

३१ मे. जागतिक आरोग्य संघटना बी.१.६१७ च्या एका शाखेला नाव देते: डेल्टा. पहिल्या नोंदीच्या रकान्यात देश, भारत. महिना, ऑक्टोबर २०२०.