छापखाना की वर्गणीदार? न्यूजलेटरच्या साधनांचा पुणेरी इतिहास

आजचा विषय एका प्रश्नावरून सुचला. खडकीत नुकतंच स्टार्टअप सुरू केलेल्या एका श्रोत्याने विचारलं, "ग्राहकांना दर आठवड्याला ईमेलने न्यूजलेटर पाठवायचंय. टूल कोणतं घेऊ?" आता आपला पॉडकास्ट इतिहासाचा, त्यामुळे मी उत्तरही इतिहासातूनच देणार. आणि गंमत म्हणजे, हा प्रश्न पुण्यात दीडशे वर्षांपूर्वीही पडला होता.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' काढली. मासिक म्हणायचं, पण आजच्या भाषेत ते चक्क एका माणसाचं न्यूजलेटर होतं. ८४ अंक निघाले आणि जवळजवळ सगळा मजकूर त्यांचा एकट्याचा. हे परवडायला आणखी एक गोष्ट आधी घडावी लागली होती. १८५४ साली टपालाचा दर देशभर एकसारखा झाला. अंतर कितीही असो, सगळ्यात हलक्या पत्राला अर्धा आणा. त्याआधी अंतर वाढलं की पैसे वाढायचे. वाहतूक स्वस्त झाली की लिहिणारे वाढतात. ईमेलचं तेच झालं, आणि त्याची दुसरी बाजूही लगेच दिसली. ३ मे १९७८ ला गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने अर्पानेटवर सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरात पाठवली. कोणी मागितली नव्हती. लोक भडकले. स्पॅमची गोष्ट सहसा इथूनच सांगतात.

परत पुण्यात येऊ. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि वर्षभरात त्याच मंडळींनी दोन पत्रं काढली. २ जानेवारी १८८१ ला इंग्रजी 'मराठा', ४ जानेवारीला मराठी 'केसरी'. म्हणजे एकच संस्थापक मंडळ, पण वाचक दोन प्रकारचे, म्हणून पत्रं दोन. आज टूल विकणारे ज्याला सेगमेंटेशन म्हणतात, ते हेच. आणि छापायला त्यांचा स्वतःचा आर्यभूषण छापखाना. छापखान्याचं सामान या पदवीधर तरुणांनी स्वतः वाहून नेलं, अशी आठवण सांगितली जाते.

इथपर्यंत सगळं छान. पण भागीदारी म्हटलं की मतभेद आलेच. केसरीचे पहिले संपादक आगरकर. समाजसुधारणेवरून टिळकांशी पटेना, म्हणून १८८७ मध्ये त्यांनी केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. लेखणी तीच, माणूस तोच, पण वर्गणीदारांची यादी केसरीकडे राहिली. आगरकरांना वाचक पहिल्यापासून जमवावे लागले.

पुढे १८९१ च्या सुमाराला उरलेल्या भागीदारांत वाटणी झाली. एका बाजूला आर्यभूषण छापखाना, म्हणजे यंत्रं, टाइप, चालू धंदा. दुसऱ्या बाजूला दोन पत्रं आणि त्यांच्यावरचं कर्ज. टिळकांनी काय घेतलं? कर्जासकट पत्रं. छापखाना दुसऱ्यांकडे गेला. आता नुसता हिशेब बघणारा म्हणेल, हा तोट्याचा सौदा. पण छापून कुठूनही घेता येतं. दर मंगळवारी वाट बघणारा वाचक बाजारात विकत मिळत नाही.

म्हणून माझ्या श्रोत्याला माझं सांगणं असं की टूल म्हणजे छापखाना आणि यादी म्हणजे वर्गणीदार. मेलचिंप घ्या, चेन्नईच्या झोहोचं कँपेन्स घ्या, नाहीतर सबस्टॅक. सुरुवातीला फरक थोडा पडतो. बघायचं ते हे, की यादी सीएसव्हीमध्ये कधीही बाहेर काढता येते का? खातं कंपनीच्या नावावर आहे की एका भागीदाराच्या खासगी जीमेलवर? पत्रं स्वतःच्या डोमेनवरून जातात का? आकार यादीच्या लांबीवर आहे की पाठवलेल्या पत्रांवर? महिन्यातून एकदाच लिहिणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

हे भीती घालायला सांगत नाहीये. टाइनीलेटर हे साधं, लोकांच्या आवडीचं साधन मेलचिंपने २०११ मध्ये विकत घेतलं आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला बंद केलं. ट्विटरने २०२१ मध्ये रेव्ह्यू घेतलं, ते दोन वर्षांत, जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळलं. ज्यांनी यादी काढून ठेवली होती ते दुसरीकडे गेले.

खडकीकरांना तर हे वेगळं सांगायला नको. ५ नोव्हेंबर १८१७ ला एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून, मुळा ओलांडून खडकीच्या फौजेला जाऊन मिळाला. मागे रेसिडेन्सी पेटवली गेली आणि त्याचा ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रं जळाली. लढाई तो जिंकला, पण कागद परत आले नाहीत. त्याच्या काळी नक्कल काढणं म्हणजे कारकुनांचं कित्येक दिवसांचं काम. आपल्याला एक बटण दाबायचंय. महिन्याच्या एक तारखेला दाबा.

आणि एक शेवटचं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने ठोक पत्रं पाठवणाऱ्यांवर नियम घातलेत. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही ओळखपत्रं हवीत, एका क्लिकवर नाव काढता यायला हवं आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं. म्हणजे विकत घेतलेली यादी आता खरोखरच महागात पडते. निबंधमालेचे वर्गणीदार स्वतःहून पैसे पाठवायचे. तुमच्या यादीतही स्वतःहून आलेली पन्नास माणसं असतील, तर सुरुवात चांगली झाली म्हणायची.

भेटू पुढच्या भागात.