निवेदक कोण? दोन यमुनांची गोष्ट

मागच्या वेळी आपण कथानक म्हणजे काय ते पाहिलं. आज 'निवेदक' हा शब्द घेऊ. गोष्टीबद्दल बोलताना आपण सर्रास म्हणतो, 'लेखक म्हणतो'. पण गोष्टीत बोलणारा दर वेळी लेखकच असतो का? नुसती व्याख्या पाठ करून हे कळत नाही. म्हणून मराठी कादंबरीच्या इतिहासातली दोन पुस्तकं शेजारी ठेवू. योगायोग असा, की दोन्हींच्या नायिकेचं नाव यमुना आहे.

पहिलं पुस्तक बाबा पदमनजी यांचं 'यमुनापर्यटन', १८५७ सालचं. आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला होता. पण कायदा झाला म्हणून घरातली रीत बदलते थोडीच! घरोघरी काय चाललंय हे दाखवायला पदमनजींनी प्रवासाची युक्ती योजली. यमुना आणि तिचा नवरा विनायक गावोगाव फिरतात आणि वाटेत एकेका विधवेची हकिकत त्यांच्या कानावर येते. प्रवास हा दोरा, हकिकती हे मणी. पुढे खुद्द यमुनेवरच वैधव्य येतं.

या पुस्तकाच्या उपशीर्षकात 'निरूपण' हा शब्द आहे. तो आपल्याला कीर्तनातून ओळखीचा. कीर्तनकार आख्यान सांगता सांगता थांबतो आणि त्यातून काय घ्यायचं ते समजावतो. इथला निवेदकही तसाच. तो पात्रांच्या बाहेर उभा आहे, आणि पदमनजींचा ख्रिस्ती उपदेश त्याच्या बोलण्यात उघड आहे. म्हणजे इथे लेखक आणि निवेदक यांच्यात फारसं अंतर नाही.

आता दुसरं पुस्तक. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः छापली. विषय तोच, विधवेचे हाल. पण सांगणारी स्वतः यमू आहे. ती 'मी' म्हणून आपलं लहानपण, माहेर, सासर, नवऱ्याचा मृत्यू, केशवपन असं सगळं सांगते, तेही घरातल्या बायकांच्या साध्या बोलीत. समजावून सांगायला मध्ये कीर्तनकार नाही. वाचक थेट माजघरात जाऊन बसतो.

इथे 'लेखक म्हणतो' असं लिहिलं तर काय होईल? लेखक म्हणजे सव्विशीच्या आसपासचा पुण्यातला एक पुरुष! तेव्हा हा 'मी' आपट्यांचा नाही, यमूचा आहे. याला आपण प्रथमपुरुषी निवेदन म्हणतो.

पण इतिहास वाचताना आपल्याला आणखी एक काळजी घ्यावी लागते. यमूचं निवेदन कितीही खरं वाटलं तरी ती एका विधवेची साक्ष नव्हे. एका पुरुषाने तिच्या जागी उभं राहून केलेली ती कल्पना आहे. बाईचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर थोडं मागे, १८८२ मध्ये जाऊ. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्या साली 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध प्रसिद्ध केला. एका विधवेला झालेल्या शिक्षेवरून उठलेल्या चर्चेला तो जवाब होता. त्यात पात्र नाही, कल्पित निवेदक नाही. ताराबाई स्वतःच्या नावाने पुरुषांना जाब विचारतात.

म्हणजे बघा, एकच दुःख तीन प्रकारे सांगितलं गेलं: बाहेर उभं राहून, दुसऱ्याच्या तोंडून आणि स्वतःच्या तोंडून. कुठला प्रकार श्रेष्ठ, हा वाद आपल्याला घालायचा नाही. पण सांगणारा बदलला की आपण कुणावर आणि किती विश्वास ठेवायचा, तेही बदलतं. 'निवेदक' ही संज्ञा शिकायची ती यासाठी.

जाता जाता एक प्रश्न. 'पण लक्षांत कोण घेतो?' असं विचारतंय कोण? यमू, की हरिभाऊ? पुस्तक उघडण्याआधी यावर थोडा विचार करून पाहू या.