वैनगंगेचा पूर आणि सीमारेषा

बालाघाट जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. समुद्रावरील वादळाचा हिशेब मात्र त्यास वारंवार चुकवावा लागतो. बंगालच्या उपसागरात निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे छत्तीसगडावरून पश्चिमेकडे सरकतात, मैकल व सातपुडा यांच्या रांगांवर रिते होतात, आणि ते पाणी अखेर वैनगंगेच्या पात्रात उतरते. कोकणच्या कोळ्यास वाऱ्याचे भय, येथील धानकऱ्यास पाण्याचे. परंतु किनाऱ्यावर निदान बावटा चढतो. १८६४ साली कलकत्त्यावर जे भयंकर वादळ कोसळले, त्यानंतर बंदरांना पूर्वसूचना देण्याची रीत या देशात सुरू झाली आणि १८७५ साली हवामान खातेही स्थापन झाले. नदीकाठच्या खेड्यास असा बावटा पुष्कळ काळ मिळाला नाही.

म्हणून त्याने आपली तयारी आपल्या परीने केली. घराचे जोते उंच घ्यावे, धान्याची कणगी जमिनीवर टेकू देऊ नये, मृगापूर्वी कवेलू फेरून घ्यावेत, म्हणजे वाऱ्याने छप्पर उघडे पडत नाही. ही कामे कोणी शास्त्र म्हणून शिकविली नाहीत. डोंगा चालविणारा मनुष्य पाण्याचा बदललेला रंग व वाहत येणारा काडीकचरा पाहून वर कोठे पाऊस झाला, हे ताडी. आमच्या मते हे ज्ञान लहान नव्हे. परंतु त्याची धाव डोळ्यांच्या टप्प्यापुरतीच होती.

त्यापुढची वार्ता राज्यकारभाराने पोचवावयाची असते, आणि येथे इतिहासाचा प्रश्न उभा राहतो. या जिल्ह्याचा सखल भाग भोसल्यांच्या नागपूर राज्यात होता. १८६१ साली मध्यप्रांत झाला व १८६७ पासून भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा आकारास आला. ज्या गावी त्याचे ठाणे बसले, त्याचे जुने नाव बुऱ्हा होते. नदीचा उगम शिवनी जिल्ह्यात, मध्य बालाघाटात आणि पुढील प्रवाह भंडाऱ्यात, असे असले तरी तिन्ही जिल्हे नागपूरच्या एकाच सचिवालयास उत्तरदायी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या तत्त्वावर रेघ ओढली गेली. भंडारा मुंबई राज्यात गेला व १९६० साली महाराष्ट्रात आला. बालाघाट मराठी बोलणाऱ्या आपल्या खेड्यांसह मध्यप्रदेशात राहिला. भाषावार रचनेस आमचा विरोध नाही. परंतु ती रेघ ओढताना नदीचा विचार कोणी फारसा केला, असे दिसत नाही.

पुढे शिवनी जिल्ह्यात भीमगड येथे संजय सरोवराचे मातीचे धरण झाले, आणि पूर केवळ आभाळावर अवलंबून न राहता दरवाजांवरही अवलंबून राहू लागला. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस अतिवृष्टी झाली, धरणातून पाणी सोडावे लागले आणि वैनगंगेने बालाघाटातील गावे वेढून भंडारा शहरात प्रवेश केला; खाली गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले व पाणी गडचिरोलीपर्यंत पसरले. त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्याची वाटचाल लोकांस अगोदरच कळली होती आणि हजारो माणसे वेळेवर हलविता आली. भंडाऱ्यात मात्र, वरच्या राज्यातून पाणी सुटल्याची वार्ता वेळेवर आली नाही, ही तक्रार पूर ओसरल्यावर उघडपणे झाली. धरणापासून भंडाऱ्यापर्यंतचे अंतर मोठे आहे. पाणी तेथे क्षणात पोचत नाही, आणि सामान माडीवर चढविण्यास, गुरे सोडण्यास कुटुंबाला काही तासच लागतात.