सरकारी अभियोक्ता : हिंगोली परिसरातील इतिहास

सरकारी अभियोक्ता म्हणजे फौजदारी न्यायालयात राज्याच्या वतीने खटला चालविणारा विधिज्ञ. व्यवहारात त्याला सरकारी वकील असेही म्हणतात. गुन्हा हा केवळ एका व्यक्तीवरील अन्याय नसून साऱ्या समाजाविरुद्धचे कृत्य होय, या तत्त्वानुसार फिर्यादी कोणीही असला, तरी गंभीर खटल्यात राज्य हाच पक्षकार असतो. तथापि अभियोक्ता हा इतर पक्षकारांच्या वकिलांहून भिन्न असतो. आरोपीला कसेही करून शिक्षा मिळवून देणे हे त्याचे काम नव्हे. उपलब्ध पुरावा न्यायालयापुढे प्रामाणिकपणे मांडणे, हे त्याचे काम होय. गुन्हेगारास पकडणारा, त्याच्यावर दोषारोप मांडणारा आणि त्याचा न्याय करणारा, ही तीन माणसे वेगवेगळी असावीत, हा विचार या पदाच्या मुळाशी आहे. तो हळूहळू कसा रुजला, हे हिंगोली परिसराच्या इतिहासावरून चांगले दिसून येते.

ठगांचे खटले : हिंगोली हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील गाव. येथे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा भाग ठगांच्या टोळ्यांसाठी कुप्रसिद्ध होता. निजामाच्या चाकरीतील अधिकारी व लेखक फिलिप मेडोज टेलर याने कन्फेशन्स ऑफ अ ठग (१८३९) या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरी सिंग नावाच्या म्होरक्याचा उल्लेख केला आहे. हा इसम तेथे प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरत असे आणि खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार झाला होता.

विल्यम स्लीमन व त्याचे सहकारी यांनी ठगांच्या बंदोबस्तासाठी जी पद्धत वापरली, तिचा मुख्य आधार माफीचा साक्षीदार हा होता. पकडलेल्या ठगाने सर्व गुन्हे कबूल करून साथीदारांची नावे सांगितली, म्हणजे त्याला फाशीतून वाचविण्यात येई. त्याच्या जबानीवरून इतरांना पकडीत आणि त्यांतून नवे माफीचे साक्षीदार मिळत. १८३६ च्या ३० व्या अधिनियमाने विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरजही उरली नाही. ठगांच्या टोळीत सामील असल्याचे सिद्ध झाले, तरी सक्तमजुरीसह जन्मठेप देता येऊ लागली. १८३७ च्या अधिनियमाने सिद्धदोष गुन्हेगाराची साक्षही ग्राह्य ठरविली. संस्थानी मुलखातील अनेक खटले ब्रिटिश राजकीय अधिकाऱ्यांपुढेच चालले. तपास, दोषारोप व निवाडा ही तिन्ही कामे एकाच राजकीय यंत्रणेच्या हाती होती आणि साक्षीदाराचा जीव तिच्या समाधानावर अवलंबून होता. वाटसरूंचे मार्ग त्यामुळे निर्धोक झाले, हे खरे. परंतु शिक्षा झालेल्यांपैकी निरपराध किती, हे पडताळून पाहणारी स्वतंत्र व्यक्ती त्या व्यवस्थेत कोणीच नव्हती.

या अनुभवाचा ठसा पुढील कायद्यांवर उमटला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘ठग’ या गुन्हेगाराची व्याख्या समाविष्ट झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती वगळण्यात आली. १८७२ च्या साक्ष्य अधिनियमाने सहअपराध्याच्या साक्षीवर शिक्षा देणे अवैध मानले नाही; परंतु अन्य पुराव्याची पुष्टी नसल्यास अशी साक्ष अविश्वसनीय समजता येईल, असेही सांगितले.

संस्थानी काळ व विलीनीकरण : हैदराबाद संस्थानाच्या स्वतःच्या फौजदारी संहिता होत्या. न्यायखात्याची कार्यकारी खात्यापासून फारकत तेथे १९२१ मध्ये करण्यात आली. मुंबई राज्यात यासंबंधीचा अधिनियम १९५१ मध्ये झाला. पोलीस कारवाईनंतर, सप्टेंबर १९४८ मध्ये, हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंड संहिता व १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता या प्रदेशास लागू झाल्या. या प्रक्रिया संहितेतील कलम ४९२ ते ४९५ मध्ये सरकारी अभियोक्त्याविषयीच्या तरतुदी होत्या. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या तालुक्यांचा हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला.

नेमणूक : १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने प्रत्येक जिल्ह्यासाठी सरकारी अभियोक्ता नेमण्याची तरतूद केली. त्यासाठी किमान सात वर्षे वकिली केलेली असावी लागते. विशेष सरकारी अभियोक्त्यास ही मुदत दहा वर्षे आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशाशी विचारविनिमय करून नामिका तयार करावी व राज्य शासनाने तीतून निवड करावी, अशी मूळ योजना होती. महाराष्ट्राने १९८१ च्या दुरुस्तीने सत्र न्यायाधीशाशी विचारविनिमयाची अट काढून तेथे राज्य शासनाची मान्यता घातली. ज्याच्यासमोर अभियोक्ता रोज काम करतो, त्या न्यायाधीशाचे मत त्यामुळे निवडीतून वगळले गेले.

न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत पूर्वी पोलीस खात्यातील अभियोक्ते खटले चालवीत. नव्या संहितेने सहायक सरकारी अभियोक्ता हे पद निर्माण केले. परंतु महाराष्ट्रात हे अभियोक्ते दीर्घकाळ पोलीस खात्याच्याच नियंत्रणाखाली राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात हे नियंत्रण गैर ठरविले आणि अभियोक्त्यांसाठी पोलिसांपासून मुक्त असे स्वतंत्र खाते निर्माण करण्याचा आदेश दिला.

अधिकार व मर्यादा : सत्र न्यायालयातील प्रत्येक खटला सरकारी अभियोक्त्यानेच चालवावा लागतो. पीडित व्यक्तीने नेमलेला वकील त्याला साहाय्य करू शकतो, त्याची जागा घेऊ शकत नाही. सूडबुद्धीपासून खटला दूर ठेवणे, हा या नियमाचा हेतू होय. आरोपीच्या बाजूने जाणारी बाब पुराव्यात असल्यास तीही अभियोक्त्याने न्यायालयाच्या निदर्शनास आणावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केले. हितेंद्र विष्णू ठाकूर वि. महाराष्ट्र राज्य (१९९४) या खटल्यात, आरोपीची कोठडी वाढवून मागताना अभियोक्त्याने पोलिसांची विनंती केवळ पुढे न पाठविता स्वतः विचार केला पाहिजे, असे ठरले.

त्याच्या अधिकाराला निश्चित सीमा आहेत. तो तपासाचे आदेश देऊ शकत नाही. माफीचा साक्षीदार करण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, त्याचा नव्हे. दोषमुक्तीविरुद्ध राज्याचे अपील सक्षम प्राधिकाऱ्याच्या निर्देशानेच दाखल होते. खटला मागे घेण्यासाठी न्यायालयाची संमती लागते. राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय शासन वेळोवेळी करते. परंतु शासनाचा निर्णय म्हणजे खटल्याचा शेवट नव्हे. अभियोक्त्याने स्वतः सद्‌भावनेने विचार करून अर्ज करावा व न्यायालयाने तो तपासावा, असा दंडक आहे. खासदार व आमदार यांच्याविरुद्धचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीवाचून मागे घेता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये फर्माविले.

नवी संहिता : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० नुसार, पीडिताचे म्हणणे ऐकल्याखेरीज खटला मागे घेण्यास संमती देता येत नाही. कलम २० नुसार राज्यात अभियोग संचालनालय व प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अभियोग संचालनालय स्थापन करता येते. ते राज्याच्या गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली असते. पोलिसांच्या अहवालाची छाननी करण्याचे कामही त्याच्याकडे सोपविले आहे. या छाननीमुळे कच्चे खटले आधीच लक्षात येतील, हा तिचा लाभ. उलटपक्षी, पोलीस खातेही गृह विभागाच्याच अखत्यारीत असल्याने पकडणारा व आरोप मांडणारा पुन्हा एका छपराखाली येतात. दोषारोपपत्राविषयीचे मत तपास अधिकाऱ्याने स्वतःच बनवावे, त्यासाठी त्याला अभियोक्त्याचा सल्ला घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये म्हटले होते, ते याच जवळिकीच्या धोक्यामुळे.

हिंगोलीसारख्या लहान जिल्ह्यात अभियोक्ता, तपास अधिकारी, आरोपीचा वकील आणि अनेकदा दोन्ही पक्षांची कुटुंबे एकमेकांच्या नित्य परिचयाची असतात. तेथे अभियोक्त्याची निःपक्षपातीवृत्ती कलमांपेक्षा त्याच्या दैनंदिन आचरणावर अधिक अवलंबून राहते. दुबळ्या पुराव्याचा खटला रेटून न्यायचा नाही आणि सबळ पुराव्याचा खटला कोणाच्या सांगण्यावरून सोडायचा नाही, या दोन्ही गोष्टी त्याला साधाव्या लागतात. ठगांच्या खटल्यांत जी स्वतंत्र व्यक्ती नव्हती, तिची उणीव भरून काढण्यासाठीच या पदाची गरज आहे.