डिसोझा, नेव्हिल
डिसोझा, नेव्हिल : (१९३२–१९८०). विख्यात भारतीय फुटबॉलपटू व ऑलिंपिक फुटबॉलच्या एका सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू. त्याचे घराणे गोव्यातील आसगावचे. तथापि त्याची कारकीर्द मुंबईत घडली. तेथे तो टाटा स्पोर्ट्‌स क्लब व पुढे कॅलटेक्स या संघांकडून खेळला. त्याचा भाऊ डेरेक हाही फुटबॉलपटू होता.

डिसोझा सेंटर फॉरवर्डच्या, म्हणजे आघाडीच्या फळीतील मधल्या जागेवर खेळे. हौशी खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये ही जागा इंग्लंडच्या व्हिव्हियन वुडवर्डने गाजविली होती. त्याच्या नेतृत्वाखाली ग्रेट ब्रिटनने १९०८ व १९१२ मध्ये सुवर्णपदके मिळविली. डिसोझाची कीर्ती मात्र मुख्यत्वे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील दोन सामन्यांवर उभी आहे. सय्यद अब्दुल रहीम हे तेव्हा भारतीय संघाचे मार्गदर्शक होते. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियास ४–२ असे हरविले. त्यांतील पहिले तीन गोल डिसोझाचे. ऑस्ट्रेलियाने दोनदा बरोबरी साधली, परंतु उत्तरार्धाच्या आरंभीच त्याने तिसरा गोल करून भारताला पुन्हा आघाडीवर नेले.

उपांत्य सामन्यात गाठ यूगोस्लाव्हियाशी पडली. याच देशाने १९५२ मध्ये हेल्सिंकी येथे भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला होता. मेलबर्नला मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही आणि ५२ व्या मिनिटाला डिसोझाने भारताला आघाडी मिळवून दिली. ती दोनच मिनिटे टिकली व भारत ४–१ असा हरला. पुढे कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून ३–० असा पराभव झाल्याने भारताला चौथे स्थान मिळाले. चार गोल करणारा डिसोझा यूगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोव्हिच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह यांच्या बरोबरीने स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारा ठरला.

स्पर्धेत अकराच संघ उतरले होते, म्हणून या यशाची किंमत कमी लेखली जाते. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. त्याच महिन्यात सिडनी येथील मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियावर ७–१ असा विजय मिळविला. पहिला विजय योगायोगाचा नव्हता. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वरचे स्थान भारताला पुढे कधीही मिळालेले नाही.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. मेलबर्नच्या संघातील प्रदीपकुमार बॅनर्जी व तुलसीदास बलराम यांना ते अनुक्रमे १९६१ व १९६२ मध्ये मिळाले. मानकऱ्यांच्या यादीत डिसोझाचे नाव नाही.